पावसाळी टप आणि आमचे भावोजी

आमच्या घरी जीप आली तेव्हा तिला डोकं नव्हतं. चाकं होती, इंजिन होतं, चालवण्याचं चाक डाव्या हाताला होतं (अमेरिकन पलटणीची गाडी, त्यांच्याकडे म्हणे सगळंच उलटं), पण वर टप नव्हता. टपाच्या जागी दोन लोखंडी कमानी आणि त्यांना लोंबणाऱ्या कुजक्या कॅनव्हासच्या चिंध्या. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लष्कराच्या मोडीतून ती मुंबईला उचलली होती, वाडीतले नारळ आणि सुपारी रोह्याच्या बाजारात न्यायला. रेवदंड्यात ती शिरली तेव्हा निम्मं गाव रस्त्यावर आलं. आमच्या वाडीपलीकडे राहणारा हिरू नाखवा, ज्याच्या दोन होड्या होत्या आणि ज्याला गावातल्या प्रत्येक गोष्टीवर मत होतं, तो जीपभोवती एक फेरी मारून म्हणाला, "अण्णा, होरी झकास घेतलीस, पन शीड कवा चरवनार?" सगळे हसले. अण्णाही हसले. मी हसलो नाही, कारण माझ्या मते ती जीप माझी होती.

तशी समजूत करून घ्यायला मला आधार होता. घरात गाडी चालवता येणारा मी एकटाच. मॅट्रिकला एकदा आपटलो होतो, आणि दुसऱ्यांदा आपटण्याआधी मधल्या काळात काहीतरी शिकावं म्हणून पेणला एका ओळखीच्या लॉरीवाल्याकडे जाऊन गाडी शिकून आलो होतो. अण्णा शेजारी बसत ते छकड्यात बसावं तसे, काठी दोन गुडघ्यांत उभी धरून, आणि वळण आलं की "हळू, हळू" म्हणत. बैलाला म्हणत तसंच. सकाळी वाडीत रहाट सुरू झाला की त्याच्या करकरीत मी जीपचं इंजिन चालू करायचो, आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "दोन्ही एकदम नको रे, मला दूध उतू गेलेलं ऐकू येत नाही!" आयुष्यात इतका महत्त्वाचा मी त्याआधी कधी नव्हतो. खरं सांगायचं तर नंतरही फारसा झालो नाही.

आणि मग माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं लग्न झालं, आणि घरात भावोजी आले.

भावोजी तळ्याचे. घरची भातशेती, स्वतः मुंबईला एका गिरणीत कापड तपासण्याच्या खात्यात. बोलणं हळू, हसणं त्याहून हळू. कुठलंही कापड दिसलं की अंगठा आणि तर्जनीत धरून चोळून बघण्याची त्यांना सवय होती. मांडवात अंतरपाट धरला होता तोही त्यांनी असाच चोळून बघितला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि तेव्हाच मला हा माणूस आवडला नव्हता. मुंबईत खोली मिळेपर्यंत आक्का आमच्याकडेच होती, म्हणून ते शनिवारी रेवसच्या लाँचने यायचे, रविवारी दुपारी जायचे. त्या एका दिवसात आमच्या घराची सगळी घडी बदलायची. एरवी पापलेटाचा मधला तुकडा माझ्या ताटात पडत असे. भावोजी आले की माझ्या वाट्याला शेपटी. कैरी घातलेल्या कोलंबीच्या कालवणात आई पळी तळापर्यंत घालून कोलंबी शोधायची ती त्यांच्यासाठी. माझ्या वाटीत कैरीची कोय. वर ते म्हणायचे, "दत्तोबांना वाढा आधी." मला घरात सगळे दत्तू म्हणत. हे एकटे दत्तोबा म्हणत, आणि ते इतक्या मनापासून म्हणत की त्यात राग धरायला कुठे फट सापडत नसे. माणसाने निदान फट तरी ठेवावी.

फाल्गुन संपता संपता ऊन असं तापलं की जीपच्या पत्र्याच्या बाकावर पापड भाजला असता. अण्णांना रोह्याहून परत येताना एकदा चक्कर आली. तेव्हा ठरलं की टप करायचाच; आणि एक नाही, दोन. उन्हाळ्याचा वेगळा, पावसाळ्याचा वेगळा. मी लगेच म्हटलं, "हिरू नाखव्याकडे जुनं शीड आहे. कमानींवर ताणून बांधलं की झालं." अण्णांनी माझ्याकडे न बघताच पान लावत म्हटलं, "शनिवारी जावईबापू येताहेत. त्यांना विचारू."

त्यांना विचारू! गाडी चालवणार मी, खाली तापणार मी, आणि विचारायचं कुणाला, तर ज्या माणसाला गाडीचा गिअर कुठे असतो ते माहीत नाही त्याला. त्या दिवशी मी जेवलो नाही. म्हणजे दुपारी जेवलो नाही. संध्याकाळी आईने घावन केले होते.

भावोजी शनिवारी रुमालात बांधून कापडाचे चार तुकडे घेऊन आले. रविवारी भर दुपारी त्यांनी ते अंगणातल्या तारेवर वाळत घातल्यासारखे टाकले आणि प्रत्येकाखाली आपला तळहात धरून उभे राहिले. मग अण्णांना उभं केलं, मग आईला, मग आक्काला. "कुठे कमी भाजतं सांगा." मलाही बोलावलं. मी म्हटलं, "मला सगळीकडे सारखंच भाजतं." शेवटी त्यांनी दोन पदरी टप ठरवला: वरून पांढरं जाड कापड, आतून निळं, आणि दोहोंच्या मध्ये चार बोटं हवा. चौलच्या शिंप्याने तो शिवला. मी तो ताणून बांधला, आणि मनातल्या मनात त्याने फाटावं म्हणून गणपतीला सांगितलं.

तो फाटला नाही. उलट असा गार होता की अण्णांना त्याचं वेड लागलं. "चल दत्तू, चौलला जाऊन येऊ." "काय काम आहे अण्णा?" "काम कसलं? सावली आहे." वाटेत भेटेल त्याला ते थांबवायचे, आत बसवायचे आणि सांगायचे, "आमच्या जावयाची अक्कल." तो माणूस निळ्या कापडाकडे बघून मान डोलवायचा. मी चाक धरून समोर बघत राहायचो. अजूनही मला निळं छत आवडत नाही. आमच्या नव्या घराला रंग देताना सूनबाईने एका खोलीचं छत निळं केलं आणि मी तिथे का झोपत नाही हे तिला कळत नाही. आता हे वाचून कळेल.

राहिला पावसाळी टप. तो मात्र माझाच असणार, असं मी ठरवलं. मी हिरू नाखव्याकडे जाऊन ते जुनं शीड मिळवलं, दाभण घेऊन आठ दिवस शिवत बसलो, बोटांची चाळण झाली. पाणी आत येऊ नये म्हणून काय लावायचं, तर हिरू म्हणाला, "होरीला लावतो त्येच लाव. मुशीचा तेल. दर्या आत शिरत नाय, पाऊस काय शिरनार?" मुशी माशाच्या काळजाचं तेल मी दोन डबे आणलं आणि नारळाच्या काथ्याने शीड दोन्ही बाजूंनी माखलं. उन्हात वाळवलं. चढवलं. बादल्यांवर बादल्या ओतल्या, एक थेंब आत आला नाही. मी आक्काला बोलावून दाखवलं. तिला तेव्हा दिवस गेले होते; ती लांबूनच नाकाला पदर लावून पळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी जीपच्या टपावर नऊ मांजरं बसलेली होती. त्यांतली चार आमच्या आळीतली नव्हतीच.

तरीही मी अण्णांना बसवून चौलला घेऊन गेलो. नाक्यावर गाडी थांबते न थांबते तोच टोपल्या घेऊन तीन बायका धावत आल्या. "काय हाय रं आत? मुशी? कशी दिलीस?" मी म्हटलं, "काही नाही, गाडी आहे." "गारी हाय त्ये दिसतं, आत काय हाय?" एकीने तर अण्णांच्या पायाखाली वाकून बघितलं. अण्णा इस्त्रीची टोपी घालून ताठ बसले होते. "बाई, मी आहे," ते म्हणाले. घरी आल्यावर विहिरीवर गेले, दोनदा आंघोळ केली, आणि मला म्हणाले, "कागद घे. जावईबापूंना पत्र लिही. पावसाळी टपाचं तुम्हीच बघा, म्हणावं."

ते पत्र मी लिहिलं. माझ्या हाताने. 'साष्टांग नमस्कार' पर्यंत अक्षर बरं होतं.

वैशाखात भावोजी आठ दिवसांची रजा काढून आले. बरोबर जाड हिरवी ताडपत्री, मेण पाजलेली, आणि बाजूच्या पडद्यांना शिवायला पारदर्शक खिडक्यांचे तुकडे. त्यांनी पडवीत सगळं पसरलं आणि स्वतःच शिवायला बसले, या वेळी शिंपी नको म्हणाले. टाके इतके सरळ की जणू कुणी पट्टी धरली आहे. आक्का शेजारी बसून दोरा ओवून देई. सातवा महिना होता तिला. मी सारखा पडवीतून जा-ये करायचो, काही काम नसताना, आणि दर वेळी त्या ताडपत्रीवर पाय पडला तर पडू द्यायचो.

तेव्हाच त्यांनी मला हाक मारली. "दत्तोबा, जरा या. गाडी तुम्ही चालवता, तुम्हालाच ठाऊक. पडदे दोन तुकड्यांत केलेत, एकावर एक येतात. पुढचा तुकडा वर ठेवू की मागचा? आमच्याकडे तळ्याला वारं डोंगरात अडतं. गाडी पुढे पळते म्हणजे वारा पुढून येणार, असं धरून मी पुढचा वर ठेवतोय. पण इथलं तुम्ही सांगा."

हे उत्तर किनाऱ्यावरचं चार वर्षांचं पोर देईल. पावसाआधी कुडाच्या भिंतीला नारळाच्या झावळ्यांचे झाप बांधायचे तर नैर्ऋत्येकडचा झाप वर, बाकीचे त्याच्या पोटात. कारण आमचा पाऊस वरून पडत नाही, समुद्रावरून आडवा येतो. आणि रेवदंड्याहून अलिबागला जाताना समुद्र डाव्या अंगाला आणि नैर्ऋत्य पाठीमागे. पुढचा तुकडा वर ठेवला, तर त्या वाटेवर पडद्याचा सांधा वाऱ्यासमोर तोंड उघडून उभा. हे सगळं एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढे आलं. नुसतं "मागचा वर ठेवा भावोजी" एवढं म्हणायचं होतं.

मी म्हटलं, "मी काय सांगणार? कापडातलं तुम्हालाच कळतं."

आक्काने दोरा ओवता ओवता माझ्याकडे एकदा पाहिलं. भावोजी म्हणाले, "बरं," आणि पुढचा तुकडा वर ठेवून टाका घातला.

मला तेव्हा वाटलं काय होतं, तेही लिहितो. आता पन्नाशी उलटली, लाज बरीचशी झिजली आहे. मला वाटलं होतं, रोह्याच्या बाजारातून येताना एखाद्या दिवशी अण्णा भिजतील. नवी टोपी भिजेल. मग अण्णा म्हणतील, जावईबापूंना इथलं काय कळणार, दत्तूला विचारायला हवं होतं. एवढंच. त्या एका वाक्यासाठी मी चातकासारखी वादळाची वाट बघत होतो. पण ज्येष्ठभर पाऊस शहाण्यासारखा पडला. रोह्याच्या वाटेवर समुद्र नाही, गावात नारळीपोफळी वारा अडवतात. टपातून थेंब येईना. अण्णा रोज रात्री जेवताना म्हणायचे, "कोरडे आलो बरं का." जसं काही माझ्यामुळे रोज ओले यायचे.

आषाढात एका दुपारी आक्काला कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अजून पंधरवडा होता. सुईण आली, तिने पोटावर हात ठेवला आणि तिचा चेहरा उतरला. "मूल आडवं हाय. माझ्यानं व्हयाचं न्हाय. अलिबागला न्या." भावोजी मुंबईला, लाँच बंद. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी जीपकडे धावलो. मागच्या बाकावर गादी टाकून आक्काला आईच्या मांडीवर निजवलं, अण्णाही मागेच बसले. पडद्यांची बकलं मी स्वतः आवळली. ती आवळताना मला सगळं आठवलं. दुसरा टप चढवायला वेळ नव्हता, आणि त्या वासाने ती अर्ध्या वाटेत गुदमरली असती.

चौल, नागाव, दोन्ही बाजूंना वाड्या, तोवर ठीक होतं. आक्षीच्या खाडीपाशी रस्ता उघडा पडतो. तिथे वाऱ्याने मागून डावीकडचा सांधा पकडला, पिशवीत हात घालावा तसा आत हात घातला, आणि पडदा बकलांसकट फाडून वर उडवला. मग पाऊस नुसता आत ओतला. आई ओरडत होती. आक्का ओरडत होती ती कळांनी की पाण्याने, कळत नव्हतं. आरशात मला दिसलं, अण्णा बाकावर गुडघे टेकून, दोन्ही हात पसरून त्या भोकाला पाठ लावून बसले आहेत, साठीचा माणूस, टोपी कधीच उडालेली. "थांबू नको!" ते ओरडले. या वेळी "हळू" म्हणाले नाहीत.

दवाखान्यात नर्सबाई म्हणाली, "समुद्रातून काढून आणलीत का हिला?" तासाभराने मुलगी झाली, सुखरूप. पण आक्काला संध्याकाळी थंडी भरली आणि ताप चढला तो तीन दिवस उतरेना. ते तीन दिवस मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून होतो. आई डब्यातली पेज पुढे करायची आणि मी "नको" म्हणायचो, आणि या वेळी संध्याकाळीसुद्धा नको म्हणायचो.

चौथ्या दिवशी सकाळी ताप उतरला, आणि दुपारी भावोजी पोचले, पेणवरून एस.टी. बदलत बदलत, गुडघ्यापर्यंत चिखल. आधी आत जाऊन आक्काला बघून आले. मुलीला दुपट्यात घेऊन बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. समोर जीप उभी होती, डावा पडदा लोंबत असलेली. अण्णांनी ती दाखवली आणि म्हणाले, "जावईबापू, राग मानू नका. पण कापड तुमचं बरं असेल, अक्कल कमी पडली. आमच्या दत्तूला विचारलं असतंत तर त्याने सांगितलं असतं. इथला मुलगा आहे तो."

भावोजी घरात आल्यापासून ज्याची वाट बघितली ते वाक्य असं सुखासुखी माझ्या पदरात येऊन पडलं. भावोजींनी जीपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ते म्हणाले, "खरं आहे अण्णा. चुकलंच माझं. विचारायला हवं होतं."

एवढं म्हणून ते मुलीच्या तोंडावरची माशी हाकायला लागले. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला त्यांच्या चांगुलपणाचाही हेवा वाटला. ते खोटं माझ्यासाठी बोलले होते, आणि मला तेही जमलं नसतं. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "विचारलं होतं त्यांनी. मला विचारलं होतं. मला ठाऊक होतं, मी सांगितलं नाही."

मला वाटलं आता अण्णा काठी उचलतील. पण ते फक्त म्हणाले, "का?"

काय सांगणार? तेवढ्यात आतून, खाटेवरून, आक्काचा आवाज आला. बारीक, तापाने बसलेला, पण ऐकू येण्याइतका. "का काय अण्णा? जळतो तो. आधी माझ्यावर जळायचा, आता ह्यांच्यावर. त्या दिवशी पडवीत मला दिसलं होतं त्याचं तोंड. उद्या या पोरीवर जळेल, बघा तुम्ही."

नर्सबाई फिस्सकन हसली. मग आई हसली, रडत रडत. अण्णा हसले नाहीत. त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं, बाकावर बसले, आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "माझी लेक गेली असती दत्तू." त्याहून मोठं कुणी मला आजवर काही बोललेलं नाही. काठी परवडली असती.

मी खांबाला धरून उभा होतो. भावोजी माझ्याजवळ आले. मला वाटलं आता हे बोलतील, आणि त्यांनी बोलावं असं मला खरोखरच वाटत होतं. दोन शिव्या मिळाल्या असत्या तर उभं राहायला जमीन मिळाली असती. त्यांनी दुपटं माझ्या हातांवर ठेवलं. "मान नीट धरा," ते म्हणाले. "मामा झालात."

मामा. जावई काय वाटेल तो होवो, त्याला आपल्या मुलीचा मामा होता येत नाही, हा विचार माझ्या मनात तिथल्या तिथे आला. इतक्या सगळ्यानंतरही आला, हे लपवत नाही. मी मान नीट धरली. पोरीने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि असा टाहो फोडला की पलीकडच्या खोलीतले लोक बाहेर आले. मी हलवलं, चुचकारलं, दारापर्यंत फेरी मारून आलो. ती निळी पडायला लागली. भावोजींनी हात पुढे केले. त्यांच्या खांद्यावर जाताच ती गप्प झाली आणि उचकी देऊन झोपलीसुद्धा.

मला जो काही राग आला म्हणता!